सगळ्या जोड्या पूर्ण

शाळेच्या कागदोपत्री बाईंचं नाव काहीही असो, मुलांच्या तोंडी त्या शिट्टीबाई. गळ्यात काळ्या नाडीला बांधलेली पितळी शिट्टी, पायात रबरी तळाचे बूट, आणि आवाज असा की मैदानाच्या या टोकाहून ओरडल्या तर त्या टोकाचं पोरगं नाकातलं बोट काढायचं. शिकवायच्या विज्ञान. फळ्यावर नळ काढून पाणी समजत नाही, पोरांना पाण्यापाशी न्यावं लागतं, हे त्यांचं ठाम मत. म्हणून एकेकाळी वर्षाला चार क्षेत्रभेटी ठरलेल्या असायच्या. छापखाना, काचेचा कारखाना, हवामान केंद्र, जे दार उघडेल ते. नववीची पोरं घेऊन चार भिंतींबाहेर हिंडायचं म्हणजे सुळावरची पोळी, पण बाईंना ती आवडायची.

जोड्यांची पद्धत त्यांनीच काढली होती. डोकी मोजायला गेलं की पोरं जागा बदलतात. एकदा अडतीस भरतात, एकदा त्रेचाळीस. म्हणून बाईंनी डोकी मोजणंच बंद केलं. निघण्याआधी वहीत जोड्या लिहायच्या, दिवसभर जोडीदाराला सोडायचं नाही, आणि बाईंनी शिट्टी फुंकली की जोडीदाराचा हात धरून वर करायचा. ज्याच्या हातात हात नाही तो बोंब ठोकणारच. हरवलेलं पोर शोधावं लागतं, पण ज्याचा जोडीदार हरवलाय तो आपण होऊन सांगतो, इतकं साधं गणित. दुसऱ्या दोन शाळांनीही ही पद्धत उचलली होती. वर्गाची संख्या विषम असली की उरलेल्या एकाची जोडी बाईंबरोबर.

बारा वर्षांपूर्वी नववीत एक्केचाळीस मुलं होती. वीस जोड्या झाल्या आणि एक मुलगी उरली. तिला वर्गात हळूबाई म्हणत. बोलायची हळू, चालायची हळू, बुटाची नाडी बांधायला बसली की प्रार्थना संपून पहिला तास लागायचा. आकृती मात्र अशी काढायची की पुस्तकातल्या आकृतीने लाजावं. पेन्सिल इतकी दाबून धरायची की मधल्या बोटावर हरभऱ्याएवढा घट्टा पडला होता. त्या दिवशी जलशुद्धीकरण केंद्रात फिरताना तिचा हात बाईंच्या डाव्या हातात होता, आणि तो घट्टा बाईंच्या तळव्याला लागत होता.

केंद्राच्या पोटात एक लांब पाइप गॅलरी होती. वर वाळूतून पाणी गाळायचे हौद, आणि खाली जमिनीत हे बोगद्यासारखं दालन, दोन्ही बाजूंना माणसाच्या उंचीचे पाइप आणि गाडीच्या चाकाएवढे व्हॉल्व्ह. हळूबाई एका व्हॉल्व्हपुढे वही उघडून थांबली ती थांबलीच. बाकीची पोरं वर गेली. "आटप गं," बाई म्हणाल्या, "मी पुढे होते." आणि त्यांनी हात सोडला.

वर अंगणात त्यांनी शिट्टी फुंकली. वीस जोड्यांचे हात वर झाले. सवयीने बाईंनी स्वतःचाही डावा हात वर केला, पुढे चला अशी खूण म्हणून. कुणी बोंब ठोकली नाही. ठोकणार कोण? हळूबाईची जोडीदार बाईच होत्या, आणि त्या दुसऱ्यांच्या जोड्या बघत होत्या. केंद्राच्या व्हॉल्व्हमनने गॅलरीचं दार ओढलं, दिव्यांचा खटका खाली केला आणि कुलूप घातलं. बसमध्ये बाईंच्या शेजारची जागा रिकामी दिसली असती तर कदाचित काळजात धस्स झालं असतं, पण तिथे पाण्याच्या नमुन्यांच्या बाटल्यांचं खोकं ठेवलेलं होतं. संध्याकाळी शाळेच्या फाटकात सगळी पोरं पांगली, तरी एक आई उभीच होती. तिने विचारलं, "माझी कुठे आहे?"

गॅलरीच्या टोकाला गळकं पाणी साठायचा एक खोल खड्डा होता, आणि त्यावरची जाळी रंगवायला काढली होती. अंधारात हळूबाई दार शोधत निघाली, ती उलट्या दिशेने.

चौकशी झाली. बाईंचे यजमान कचेरीत कारकून होते, उभं आयुष्य दुसऱ्यांचे अर्ज लिहिण्यात गेलेलं. त्यांनी बाईंना समोर बसवून जबाब लिहून दिला. त्यात एक वाक्य होतं: शिट्टीनंतर सर्व जोड्या पूर्ण होत्या. बाईंनी त्या वाक्यावर बोट ठेवलं तेव्हा ते म्हणाले, "यात खोटं काय आहे? वीसच्या वीस पूर्ण होत्या ना?" वहीतलं जोड्यांचं पान जाळून टाक, असंही त्यांनीच सांगितलं. बाईंनी पान फाडलं, पण जाळलं नाही. मुलांनाही कुणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तर पोरांनी "आमच्या जोड्या पूर्ण होत्या" असंच सांगितलं असतं. मुलगी मागाहून शिस्त मोडून परत खाली गेली असावी आणि न बघता दार लावणाऱ्याने निष्काळजीपणा केला, असा निष्कर्ष निघाला. सगळं खापर व्हॉल्व्हमनच्या डोक्यावर फुटलं. त्याची नोकरी गेली. बाईंना शाळेने पंधरा दिवसांची विश्रांती दिली.

पंधरा दिवसांनी त्या मैदानावर आल्या, कवायतीसाठी शिट्टी फुंकली, आणि त्यांच्या डाव्या हातात एक हात आला.

दिसत काहीच नव्हतं. पण हात होता. चार बोटं, अंगठा, आणि मधल्या बोटावर तो घट्टा. शिट्टीचा आवाज विरेपर्यंत तो हात राहिला आणि गेला. दुसऱ्या दिवशीही तेच झालं. मग शिट्टी कुणाचीही असो, चौकातल्या वाहतूक पोलिसाची, लांबून जाणाऱ्या मालगाडीची, हात यायचा. घरात कुकरच्या तीन शिट्ट्या व्हायच्या आणि तीन वेळा ओट्याशी उभ्या बाईंच्या हातात तो हात यायचा. त्यांनी कुकर माळ्यावर टाकला आणि उघड्या पातेल्यात शिजवायला सुरुवात केली. यजमान म्हणाले, "गॅस केवढा जातो." बाई म्हणाल्या, "जाऊ दे." हात कधी दाबायचा नाही, ओढायचा नाही, ओरखडायचा नाही. हातात हात दिलेल्या मुलीने जसं नुसतं उभं राहावं तसा तो राहायचा. बाईंना त्याची भीती वाटत होती, आणि पुढे पुढे तो आला नाही तर काय, याचीही.

क्षेत्रभेटी बंद झाल्या. बाईंनी बारा वर्षं फळ्यावर नळ काढला.

यंदा नव्या मुख्याध्यापिका आल्या. वयाने बाईंच्या लेकीएवढ्या, कामाला वाघ. परिपत्रक निघालं होतं, नववीला क्षेत्रभेट सक्तीची. कुठे जायचं तेही वरूनच ठरून आलं होतं, जलशुद्धीकरण केंद्र. विज्ञानाच्या दुसऱ्या शिक्षिका बाळंतपणाच्या रजेवर. "मी ऐकलंय सगळं," मुख्याध्यापिका म्हणाल्या. "तुम्हाला जमणार नसेल तर मी जाईन. अगदी मनापासून सांगते."

बाईंच्या ओठांवर 'नको' होतं. तोंडातून निघालं, "मी नेते."

घरी यजमानांनी वर्तमानपत्र बाजूला ठेवलं. "सहा महिन्यांवर निवृत्ती आली तुझी. जुनी मढी उकरून काय मिळणार आहे?"

"काही उकरत नाहीये. पोरांना पाणी दाखवायला नेतेय."

"मग ती कपाटातली पिशवी कशाला काढलीस?"

पिशवीत घडी घातलेलं एक पान होतं. ते त्यांनी पर्समध्ये टाकलं. का टाकलं, हे त्यांनाही धड सांगता आलं नसतं.

नववीत आता तेहतीस मुलं. सोळा जोड्या झाल्या आणि एक मुलगी उरली, कारण तिच्याबरोबर जोडी करायला कुणीच तयार नव्हतं. तिला वर्ग रेडिओ म्हणायचा. सकाळी शाळेत शिरताना तोंडाचा पट्टा सुरू व्हायचा तो घंटेपर्यंत. झोपेतही बोलते, असं तिच्या धाकट्या भावाने मधल्या सुट्टीत जाहीर केलं होतं.

"मी तुमच्याबरोबर का बाई? बरं झालं. मला विचारायचंच होतं, पाणी स्वच्छ झालं हे पाण्याला कळतं का? आमच्या मावशीकडे बोअरचं पाणी येतं, त्याने केस गळतात. तुमचा हात गार आहे बाई. हा नको, तो देऊ का?"

तिने डावीकडून हात पुढे केला होता. बाईंनी तिला फिरवून उजवीकडे घेतलं. "इकडून धर. आणि सोडायचा नाही."

"मी नाही सोडत. लोकच सोडतात माझा," रेडिओ म्हणाली, अगदी सहज.

केंद्राच्या फाटकाशी पत्र्याच्या टपरीत ठेकेदाराचा रखवालदार बसला होता. साठी उलटलेली, गणवेशाचा शर्ट दोन मापांनी मोठा. त्याच्या पुढ्यात एक पत्र्याचा डबा आणि खड्यांची रास. एकेक पोर आत शिरलं की तो एक खडा डब्यात टाकायचा. टण्, टण्, टण्. तेहतीस झाल्यावर त्याने मान वर केली आणि बाईंनी त्याला ओळखलं. बारा वर्षांपूर्वी त्याचे केस काळे होते आणि कमरेला व्हॉल्व्हच्या चाव्यांचा जुडगा असायचा.

"चौतिसावा तुमचा, बाई," तो म्हणाला आणि आणखी एक खडा टाकला. "जाताना एकेक काढणार. डबा रिकामा झाल्याशिवाय फाटक उघडत नाही मी. साहेब लोक हसतात. हसू देत."

बाईंना काहीतरी बोलायचं होतं. त्याची नजर त्यांच्या गळ्याकडे गेली.

"शिट्टी तीच का?"

"तीच," बाई म्हणाल्या. पोरं पुढे गेली म्हणून त्यांनाही जावं लागलं.

तरुण इंजिनियर हौसेने माहिती देत होता. कच्चं पाणी कुठून येतं, तुरटी किती घालतात, गाळ कसा खाली बसतो. पोरं काठावरून हिरवट पाण्यात वाकून बघत होती आणि रेडिओ प्रत्येक वाक्याला दोन प्रश्न जोडत होती. बाईंना क्षणभर जुने दिवस आठवले. एका पोराने चमच्याने ढवळल्यासारखा हात फिरवून शेजाऱ्याला गाळ समजावला, तेव्हा त्यांना बरं वाटलं. पोरांना पाण्यापाशी आणावं ते यासाठीच. मग इंजिनियर म्हणाला, "आता खाली गॅलरीत," आणि तेच हिरवं लोखंडी दार उघडलं.

आतून ओल्या सिमेंटचा आणि ग्रीसचा वास आला. बाई पहिल्या पायरीवर उभ्या राहिल्या. दुसरी पायरी उतरायला पायांनी नकार दिला. 

"तुम्हाला बरं नाही का बाई?" रेडिओने विचारलं. "आमच्या आत्याला पण जिने चालत नाहीत. तुम्ही इथेच बसा. मी साहेबांच्या मागे मागे जाते, आणि आल्यावर तुम्हाला सगळं सांगते. मला सांगायला आवडतं."

"हात सोडायचा नाही म्हटलं ना मी."

"मग तुम्ही या खाली."

बाईंनी एक पायरी खाली बघितलं, आणि हात सोडला. "लवकर ये," त्या म्हणाल्या, आणि म्हणाल्यावर आपलाच आवाज त्यांना ओळखीचा वाटला.

त्या अंगणातल्या कठड्यावर जाऊन बसल्या. खालून पोरांचा गलका येत होता, त्यात रेडिओचा आवाज सगळ्यांच्या वर. गलका हळूहळू पायऱ्यांवर आला, मग उन्हात आला. पोरं डोळे चोळत पसरली. इंजिनियर फोनवर बोलत बाहेर पडला आणि दाराशी थांबून त्याने लांबूनच हाक दिली, "आले ना सगळे, बाई?"

बाईंनी शिट्टी फुंकली. सोळा जोड्यांचे हात सरसर वर गेले, आणि बाईंच्या हातात हात आला. आली, असं बाईंना वाटलं. बारा वर्षांनी पहिल्यांदा त्यांनी श्वास मोकळा सोडला आणि तो हात धरून वर केला. इंजिनियरने मान डोलावली, खटका खाली केला, दार ओढलं, कुलूप घातलं.

अंगणात फार शांत होतं.

बाईंना ती शांतता आधी नुसती चांगली वाटली. मग त्यांच्या लक्षात आलं की रेडिओ शेजारी असताना शांतता असूच शकत नाही. त्यांनी मान वळवली. शेजारी कुणी नव्हतं. वर केलेला हात डावा होता. रेडिओला तर त्यांनी उजवीकडे घेतलं होतं. शिट्टीचा आवाज केव्हाच विरला होता, तरी हात गेला नव्हता, आणि त्यातला घट्टा त्यांच्या तळव्यात रुतला होता. बारा वर्षांत कधी न ओढलेला तो हात आता ओढत होता. दाराकडे.

"उघडा," बाई ओरडल्या. मैदानाच्या त्या टोकापर्यंत जाणारा आवाज होता तो. "दार उघडा, माझी जोडी आत आहे."

इंजिनियरच्या हातून किल्ली पडली. "खड्ड्याचं झाकण," तो म्हणाला. "पोरांना दाखवायला उचललं होतं. बसवायचं राहिलंय."

किल्ली त्याने कशीबशी लावली. खटका बाहेर होता, पण दिवे जुने. लागायला वेळ घेत होते. बाई थांबल्या नाहीत. ज्या पायऱ्या उतरायला मघाशी पायांनी नकार दिला होता त्या उतरून त्या अंधारात शिरल्या, डावा हात पुढे करून, कारण तो हात त्यांना नेत होता. उजवीकडे पाइपांची गार ओल लागत होती. एक वळण, मग सरळ, आणि मग हात थांबला. बाईही थांबल्या. दिवे लुकलुकले आणि लागले.

रेडिओ दोन हात पुढे उभी होती, आणि तिच्या पुढे हातभर अंतरावर उघडा खड्डा. ती खड्ड्याकडे तोंड करून उभी होती. तिचा उजवा हात बाजूला किंचित उचललेला होता, जसा कुणाच्या तरी हातात असावा तसा. बाईंचा डावा हात पुढे होता. दोन हातांच्या मधे एका मुलीपुरती जागा होती.

बाईंनी तिला ओढून पोटाशी घेतलं. रेडिओ रडत नव्हती. पण बोलतही नव्हती, आणि बाईंना त्याचीच जास्त भीती वाटली.

"काय झालं? का थांबलीस मागे?"

"आवाज घुमतो इथे," रेडिओ अखेर म्हणाली. "मी माझं नाव म्हणत होते, ते परत येत होतं. मग दिवे गेले. मला वाटलं दार पुढेच आहे. मी चालायला लागले, तर तुम्ही माझा हात धरलात. मी म्हटलं, सोडा बाई, दार पुढे आहे. तुम्ही सोडलाच नाहीत." ती थांबली. बाई तर आत्ता कुठे मागून आल्या होत्या, हात त्याआधीच कुणीतरी धरला होता, हे तिला तेव्हा कळलं असावं. "बाई, तुमच्या बोटाला घट्टा नाहीये."

"नाही," बाई म्हणाल्या. "तो माझा नाही."

पोरं फाटकाशी जमली होती. रखवालदार एकेकाला बाहेर काढत होता आणि डब्यातून एकेक खडा राशीवर ठेवत होता. बत्तीस झाले. डब्यात दोन खडे उरले होते आणि तो अर्धवट उठून बाईंच्या वाटेकडे बघत होता. रेडिओचा हात धरून बाई आल्या तेव्हा तो पुन्हा बसला.

बाई टपरीपुढे उभ्या राहिल्या. पोरं ऐकत होती, इंजिनियर ऐकत होता, आणि बाईंना वाटलं, ऐकू देत.

"काका, त्या दिवशी वीस जोड्या पूर्ण होत्या," त्या म्हणाल्या. "एकविसावी माझी होती. ती पोरगी माझी जोडी होती. मीच तिला खाली सोडलं आणि मीच तिला मोजलं नाही."

रखवालदाराने खडे हातात घोळवले. "मला ठाऊक आहे," तो म्हणाला.

"ठाऊक आहे?"

"आत जाताना तुमच्या हातात तिचा हात होता, मी पाहिला होता. शिट्टी झाली, तुम्ही हात वर केलात. दाराशी उभा होतो मी, माझ्यात आणि तुमच्यात सगळी पोरं. मला नुसता हात दिसला. म्हटलं, बाईंनी हात वर केला म्हणजे पोरगी असणारच. म्हणून दार लावलं. चौकशीत सांगितलंही. पण तुमचा लेखी कागद, माझं तोंडी. साहेब म्हणाले, बाईंवर ढकलतोस?"

"मी ऐकत होते," बाई म्हणाल्या. "बाहेरच्या बाकावर बसले होते. मला ऐकू येत होतं." हे त्यांनी यजमानांनाही कधी सांगितलं नव्हतं.

त्यांनी पर्समधून घडी काढली आणि उलगडली. कागद घड्यांवर पिवळा पडला होता. बाईंच्या वळणदार अक्षरात एक ते वीस जोड्या, आणि सर्वांत खाली, एकवीस: हळूबाईचं खरं नाव, आणि त्यापुढे 'मी'. बाईंनी टपरीच्या फळीवर तो पसरला आणि रखवालदाराच्या पेनने खाली लिहिलं की हे पान मी चौकशीआधी वहीतून फाडलं, मुलगी माझ्या ताब्यात होती, माझ्या वर केलेल्या हातावर विश्वास ठेवून या माणसाने दार लावलं, दोष माझा. सही केली. तारीख घातली. निवृत्तीला सहा महिने आहेत हे यजमानांचं वाक्य त्यांना आठवलं, आणि यजमानांचा चेहराही.

"याने नोकरी परत येणार नाही तुमची," त्या म्हणाल्या.

"नोकरीला काय करू आता?" रखवालदाराने कागद दोन्ही हातांनी धरला. त्याला वाचायला वेळ लागला. "घरी बायको आहे माझी. आम्हाला पोरीच आहेत, तीन. त्या वर्षी ती दोन महिने माझ्याशी बोलली नाही. नंतर बोलायला लागली, पण संध्याकाळी घराचं दार तीच लावते, बारा वर्षं. मला लावू देत नाही. तिला दाखवतो हे."

"या कागदाची नक्कल मुख्याध्यापिकांकडे मी आजच देते. आणि तिच्या आईकडे मी स्वतः जाणार आहे." शाळेच्या फाटकात उभी असलेली ती आई बाईंना बारा वर्षं दिसत होती, आणि तिच्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं राहिलं होतं.

रखवालदाराने डब्यातले दोन्ही खडे काढले. एक रेडिओचा, एक बाईंचा. डबा उलटा करून त्याने पोरांना दाखवला. मग शर्टाच्या खिशात हात घालून आणखी एक खडा काढला, गुळगुळीत, बारा वर्षं रोज हाताळून काळा झालेला. तो त्याने राशीवर ठेवला नाही. बाईंपुढे धरला. बाईंनी घेतला.

"शिट्टी वाजवा, बाई," तो म्हणाला. "बसमध्ये चढायच्या आधी वाजवायची असते ना?"

बाईंनी उजव्या हातात रेडिओचा हात पुन्हा धरला होता, तो सोडायचा नव्हता. रेडिओने आपल्या मोकळ्या हाताने शिट्टी उचलून त्यांच्या ओठांत दिली. खडा पर्समध्ये टाकून बाईंनी डावा हात मोकळा केला, बोटं जरा फाकवली, बारा वर्षांच्या सवयीने, आणि शिट्टी फुंकली.

सोळा जोड्यांचे हात वर झाले. सतरावी जोडी बाईंची आणि रेडिओची, तीही वर झाली.

डावा हात रिकामा होता.

बाईंनी पुन्हा फुंकली. नुसतं ऊन तळव्यावर पडलं होतं. आता सुटल्यासारखं वाटायला हवं, असं त्यांना वाटलं, आणि त्यांना रडू कोसळलं, पोरांदेखत, फाटकाच्या मधोमध. ही मुलगी बारा वर्षं आपल्याबरोबर उभी राहिली, आपण कबूल करेपर्यंत थांबली, आणि आता खरोखर गेली. बस सुरू झाली तरी त्यांनी डावा हात मिटला नाही. तो मांडीवर तसाच उघडा ठेवून त्या बसल्या, आणि शेजारी रेडिओ शाळा येईपर्यंत एक शब्द बोलली नाही.